फटीतलं पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं. अशा माणसाच्या नावाने बोलायला उभं राहायचं तर गुळगुळीत बोलून चालणार नाही. विषय मात्र गुळगुळीतपणाचाच आहे. धातूला विजेने आणि मिठाच्या पाण्याने आकार देताना अचूकपणा आणि सफाई कुठून येते, आणि हाताशी आलेली कशी निसटते, त्याबद्दल मी बोलणार आहे. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी सोपं ठेवायला सांगितलंय. ठेवतो. पण एक-दोन हिशेब मी करणारच, इथेच, तोंडी. हिशेब सोडला तर या विषयात नुसती जाहिरात उरते.

पद्धतीचं पूर्ण नाव विद्युत-रासायनिक यंत्रण. कारखान्यात एवढं मोठं नाव कोणी घेत नाही, ईसीएम म्हणतात. मीही तेच म्हणेन. प्लेटिंग तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. ॲनोडचा धातू विरघळतो, कॅथोडवर जाऊन बसतो. प्लेटिंगवाल्याचं सगळं लक्ष कॅथोडकडे असतं, ईसीएमवाल्याचं ॲनोडकडे. इथे जॉब ॲनोड, टूल कॅथोड, आणि दोघांच्या मधून मिठाचं पाणी जोरात वाहतं. विरघळलेला धातू टूलवर चढत नाही. वाटेतच त्याचा हायड्रॉक्साइड होतो आणि गाळ बनून तो पाण्याबरोबर निघून जातो. रात्री खारट पाणी तसंच राहिलेल्या लोखंडी तव्याचं सकाळी जे झालेलं दिसतं, जवळपास तेच इथे मुद्दाम घडवून आणायचं आहे. फक्त ते हव्या त्या जागी घडायला हवं, आणि मिनिटाला दोन मिलिमीटर इतक्या वेगाने.

हा वेग कुठून आला? फॅरडेने १८३३-३४ च्या सुमारास नियम मांडला: जेवढा विद्युतभार वाहील, त्या प्रमाणात पदार्थ विरघळेल. लोखंडाचा अणुभार ५५.८५, विरघळताना त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. आता हजार अँपिअरचा प्रवाह मिनिटभर सोडा. सुमारे १७.४ ग्रॅम लोखंड जाईल, म्हणजे २.२ घन सेंटिमीटर. एका चौरस सेंटिमीटरमागे शंभर अँपिअर ठेवले तर टूल मिनिटाला २.२ मिलिमीटर आत शिरेल. झाला हिशेब.

या हिशेबात कडकपणा कुठे आला का? नाही आला. हार्डन केलेलं स्टील असो, नाहीतर टूलची धार खाणारं इनकोनेल असो, फॅरडेला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला अणुभार, संयुजा आणि घनता हवी. टूल झिजत नाही, कारण कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, धातू सुटत नाही. जॉबवर उष्णतेने बिघडलेला थर राहत नाही, बर, म्हणजे कडेला लोंबणारी धातूची कूस, राहत नाही, कापण्याचा ताण राहत नाही. गुसेफ नावाच्या रशियन संशोधकाच्या नावावर १९२९ चं पेटंट सांगितलं जातं. पण उद्योगाला खरी गरज वाटली ती जेट इंजिनं आली तेव्हा, कारण त्यांच्या पात्यांचे निकेल मिश्रधातू कापताना भलेभले कटर हात टेकत होते. शिकागोच्या ॲनोकट कंपनीने १९५९ मध्ये ही पद्धत व्यापारी पातळीवर बाजारात आणली. इतिहास एवढा पुरे.

मग प्रश्न असा, की एवढे गुण असताना सगळे कारखाने हेच का वापरत नाहीत?

लेथवर टूलचं टोक जिथे, तिथे जॉबचा पृष्ठभाग. टूल बरोबर बसवा, अंगाला कडक ठेवा, जॉब बरोबर येतो. ईसीएममध्ये टूल जॉबला शिवतच नाही. शिवलं तर शॉर्ट सर्किट, आणि मग टूलही जातं, जॉबही जातो. म्हणजे जॉबचा आकार हा टूलचा आकार नसतो, तो टूल अधिक फट एवढा असतो. टूल मायक्रॉनपर्यंत अचूक करा, फट डळमळली की जॉब डळमळला. टूलरूममधल्या मित्रांना हे थोडं लागेल, पण इथे अचूकतेचा मालक टूल नाही, फट आहे. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका वाक्याभोवती आहे.

फटीला निसर्गाने एक चांगली खोड दिली आहे, ती आधी सांगतो. फट वाढली की विरोध वाढतो, प्रवाह घटतो, विरघळणं मंदावतं. टूल मात्र ठरल्या फीडने पुढे येतच असतं, म्हणून फट पुन्हा आवळते. फट कमी झाली की याच्या उलट. थोड्या वेळात फट एका ठरावीक मापाला येऊन थांबते. हे माप तीन गोष्टींवर ठरतं: व्होल्टेज, फीड आणि पाण्याची विद्युतवाहकता. व्होल्टेज कोण सांभाळतं? पॉवर सप्लाय, आणि तो चोख सांभाळतो. फीड कोण सांभाळतं? सर्व्हो आणि बॉलस्क्रू, तेही चोख. आणि वाहकता?

वाहकता कोणीच सांभाळत नाही. ती फटीतल्या प्रवासात दर सेंटिमीटरला बदलते.

आता दुसरा हिशेब. शंभर अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, फटीवर प्रत्यक्ष पडणारं व्होल्टेज दहा. गुणाकार करा. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोवॉट उष्णता! आणि ही शोषायला पाणी किती? फट ०.२ मिलिमीटरची, म्हणजे त्या चौरस सेंटिमीटरवर उभं असलेलं पाणी ०.०२ घन सेंटिमीटर, एक थेंबसुद्धा नाही. पाणी जागच्या जागी थांबलं तर सहा-सात मिलिसेकंदांत उकळी फुटेल. म्हणून ते पळवावं लागतं, सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने. वीस मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि तेही केसाच्या दोन-तीन पट जाडीच्या फटीतून. एवढं पळवूनही पाच सेंटिमीटरची वाट संपेपर्यंत पाणी साधारण तीस अंशांनी तापतं. वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. तीस गुणिले दोन, साठ टक्के. जिथे पाणी आत आलं तिथे फट ०.२ असेल, तर जिथून ते बाहेर पडतं तिथे ती ०.३ च्या पुढे सरकते. जॉबला टेपर आला. टूलमध्ये तो टेपर कुठेच नव्हता!

एवढ्यावर भागत नाही. कॅथोडवरचा हायड्रोजन घ्या. हजार अँपिअरला मिनिटाला साडेसात लिटर. हे बुडबुडे वीज वाहत नाहीत, म्हणून ते वाहकता घटवतात. उष्णता वाढवते, बुडबुडे घटवतात. दोन्ही परिणाम एकमेकांना बरोबर खोडून काढतील आणि फट सारखी राहील, असं सोयीचं क्वचितच होतं. शिवाय गाळ असतोच. (जाता जाता: साडेसात लिटर हायड्रोजन दर मिनिटाला बंद खोलीत साठू द्यायचा नसतो. एक्झॉस्ट पंख्याचं बिल वाचवू नका.)

उपाय काय? पाण्याची वाट आखूड ठेवायची. लांब जॉब असेल तर पाणी मधून सोडून दोन्हीकडे वाटायचं. बाहेर पडण्याच्या तोंडाशी दाब राखायचा, म्हणजे बुडबुडे दबून लहान राहतात आणि पाणी भिंत सोडून उसळत नाही. टाकीतल्या पाण्याचं तापमान अंशभराच्या आत बांधून ठेवायचं. टूलमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा गोलसर करायच्या, नाहीतर प्रवाह तिथे फाटतो आणि जॉबवर त्याच्या रेघा उमटतात. ईसीएमचा अनुभवी माणूस जॉब हातात घेऊन उजेडात तिरका धरतो तो या रेघा बघायला. पाणी कुठून आलं, कुठे अडलं, कुठे उपाशी राहिलं, सगळं त्या पृष्ठभागावर लिहिलेलं असतं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. या पद्धतीत बळ लागत नाही, असं पुस्तकात वाचायला मिळतं. कापण्याचं बळ लागत नाही, हे खरं. पण पाणी दहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने आत जातं आणि टूलचा चेहरा शंभर चौरस सेंटिमीटरचा आहे असं धरा. दाब सगळीकडे सारखा नसतो, तरी वरची मर्यादा म्हणून गुणा. एक टन! हा एक टन टूलला मागे ढकलतो. मशीनची मान दहा शतांश मिलिमीटरने जरी लवली, तरी अर्ध्या फटीएवढी चूक झाली. हलकी मशीन चालेल असं समजणाऱ्यांना हा गुणाकार कागदावर करून द्यावा.

समोरच्या फटीचं झालं. आता बाजूच्या भिंतींचं. टूल खाली उतरतं तसा प्रवाह बाजूलाही गळतो, आणि आधी बनलेली भिंत पुन्हा खाल्ली जाते. भोकाचं तोंड फाकतं. याचा पहिला इलाज म्हणजे टूलच्या बाजूंना इन्सुलेशनचा थर देऊन टोकाशी अरुंद पट्टीच उघडी ठेवायची. दुसरा इलाज मला जास्त आवडतो, कारण तो यंत्रात नाही, मिठात आहे. साधं मीठ, सोडियम क्लोराइड, हे भेद न करणारं मीठ आहे. प्रवाह जोराचा असो की क्षीण, लोखंड ते जवळपास शंभर टक्के हिशेबाने विरघळवतं. सोडियम नायट्रेट तसं नाही. प्रवाहाची घनता कमी झाली की नायट्रेटच्या पाण्यात पोलादावर एक निष्क्रिय पापुद्रा धरतो. वीज मग धातू विरघळवण्याऐवजी ऑक्सिजन सोडण्यात खर्च होते. म्हणजे समोर, जिथे घनता जास्त, तिथे कापतं. बाजूला, जिथे कमी, तिथे आपोआप थांबतं. क्लोराइड स्वस्त आहे, वेग चांगला देतं, पण कडा राखायची असेल तर नायट्रेट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रेटचं एक पथ्य आहे. त्यात भिजलेली चिंधी किंवा पुठ्ठा वाळला की भडकून पेटतो. सोडियम क्लोरेट कडा आणखी छान राखतं, पण त्याच्या बाबतीत ही भीती कितीतरी जास्त, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

उतरता चेहरा असेल तर भूमितीही आड येते. फीडच्या दिशेशी पृष्ठभाग तिरका झाला की फट कोनाच्या कोसाइनने भागली जाते. साठ अंशांच्या उतारावर ती समोरच्या फटीच्या दुप्पट होते. म्हणून हवा असलेला आकार पाहून टूलचा आकार उलटा शोधून काढावा लागतो. आज हे संगणकावर करतात, तरी पहिला जॉब मापून टूल पुन्हा घासण्याची वेळ येतेच. याच कारणाने दोन-चार नगांसाठी ईसीएम परवडत नाही. हजारो नगांना परवडते, कारण एकदा जमलेलं टूल झिजत नाही.

इथवर आपण फक्त मापाबद्दल बोललो. आता सफाई.

ग्राइंडिंगवाल्याला विचारा, फिनिश हवा तर काय करतोस? तो म्हणेल, शेवटचा हात हलका मारतो. फिनिशसाठी वेग सोडायचा, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. ईसीएममध्ये हे उलटं आहे. प्रवाहाची घनता कमी, म्हणजे काम सावकाश, तेव्हा धातूचे कण आणि कणांमधल्या सीमा वेगवेगळ्या वेगाने विरघळतात. सीमा खोल खाल्ल्या जातात, पृष्ठभाग खरबरीत, मलूल होतो. घनता वाढली की विरघळलेल्या पदार्थाचा दाट थर पृष्ठभागाला बिलगतो. मग कोणता कण किती कडक, कोणाचं तोंड कुठे, याला महत्त्व उरत नाही, सगळे एका गतीने जातात. पृष्ठभाग चकाकतो. म्हणून जॉबचा तळ आरशासारखा आणि भिंती मात्र निस्तेज, असं दृश्य दिसतं. ज्या क्षीण, भटक्या प्रवाहाने माप बिघडवलं, त्यानेच सफाईही बिघडवली. लेथवर माप आणि फिनिश ही दोन वेगळी भांडणं असतात. इथे शत्रू एकच आहे.

अर्थात धातूही साथ द्यायला हवा. कास्ट आयर्नमधलं ग्रॅफाइट विरघळत नाही, ते उघडं पडतं. इथे कोल्हापूरकडची फाउंड्रीवाली मंडळी असतील तर त्यांनी आरशाची अपेक्षा धरू नये. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असेल तरी तेच. टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा चिवट, तो फोडायलाच जास्त व्होल्टेज लागतं, आणि फुटला की कधी कधी खड्डे पडतात. आणि चकाकीवर भाळू नका, हेही सांगतो. ग्राइंडिंग किंवा शॉट पीनिंगने पृष्ठभागाला जो दाबाचा ताण मिळतो, तो ईसीएम देत नाही. उलट, ज्या थरात असा ताण होता तो थरच काढून टाकते. त्यामुळे थकव्याला तोंड देण्याची ताकद कमी भरू शकते. इंजिनाच्या पात्यांना नंतर शॉट पीनिंग करतात ते उगीच नाही.

तर घनता जास्त हवी, फट लहान हवी. मापासाठी हवी, सफाईसाठीही हवी. पण फट लहान केली की तेच पाणी, तीच उष्णता, तोच हायड्रोजन आणि तोच गाळ आणखी चिंचोळ्या जागेत कोंबायचा. दहा-वीस मायक्रॉनच्या फटीतून ताशी ७२ किलोमीटरने पाणी ढकलून दाखवा! नाही जात. मग करायचं काय?

थांबायचं. वीज सतत सोडायची नाही, ठोक्याठोक्याने सोडायची. ठोका चालू असताना कापायचं, बंद असताना फटीतला कचरा धुऊन काढायचा. त्यातही पुढचं पाऊल असं, की टूललाच वर-खाली हलवायचं, सेकंदाला पन्नासएक वेळा. टूल अगदी खाली, फट अगदी लहान, त्या क्षणी विजेचा ठोका. टूल वर, फट मोठी, वीज बंद, ताजं पाणी आत. कापायच्या वेळी फट लहान आणि धुवायच्या वेळी मोठी. दोन गरजांचं भांडण होतं, त्यांना वेगवेगळी वेळ वाटून दिली. नेहमीच्या ईसीएममध्ये एक दशांश मिलिमीटरच्या आसपास घुटमळणारं माप यामुळे दहा-वीस मायक्रॉनपर्यंत येतं. वेग घटतो, हे कबूल. पण नंतरचं पॉलिशिंग वाचलं तर तो भरून निघतो.

हे प्रयोगशाळेतलं नाही. फिलिप्सच्या गोल डोक्याच्या शेव्हरवरची ती बारीक चिरांची टोपी नेदरलँड्समधल्या द्राख्टेनला ईसीएमने घडवली जाते. तुमच्यापैकी काहींनी आज सकाळी ती गालावरून फिरवली असेल. म्युनिकची एमटीयू कंपनी निकेल मिश्रधातूच्या ब्लिस्क, म्हणजे एकाच तुकड्यातून कोरलेली चकती आणि पाती, ठोक्यांच्या ईसीएमने करते. एअरबस ए-३२० निओच्या इंजिनात त्या असतात.

आणि ठोका फार फार छोटा केला तर? बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत शुस्टर, किर्शनर, आलोंग आणि एर्टल यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांचं काम २००० साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. यातल्या गेर्हार्ड एर्टल यांना पुढे २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. त्यांची युक्ती ऐका. विरघळणं सुरू होण्याआधी धातूला लागून असलेला आयनांचा थर आधी चार्ज व्हावा लागतो. तो चार्ज किती वेळात होईल हे मधल्या पाण्याच्या विरोधावर, म्हणजेच अंतरावर ठरतं. टूलपासून मायक्रॉनभर दूर असलेली जागा काही दशक नॅनोसेकंदांत चार्ज होते. शंभर मायक्रॉनवरच्या जागेला शंभरपट वेळ लागतो. ठोका त्याआधीच संपवला, तर लांबच्या जागेला काही कळतच नाही, विरघळतं फक्त अगदी जवळचं. फट राखायचं काम ज्या घड्याळाने केलं, ते अब्जांश सेकंदांत चालतं. वेग फार कमी म्हणून कारखान्यात याला मर्यादा आहेत, पण बुद्धीचा हा नमुना मला फार मोठा वाटतो.

आता परत आपल्याकडे. पुणे-नाशिकच्या पट्ट्यात डिझेल इंजेक्शनचे भाग होतात, हायड्रॉलिक ब्लॉक होतात. एकमेकांना छेदणारी भोकं, आणि छेदाच्या जागी आत बर. ब्रशही पोचत नाही अशी जागा. ज्याला ईसीएमचा श्रीगणेशा करायचा आहे त्याने अशा जागची बर काढण्यापासून करावा. टूल हलत नाही, मिलिमीटरचा अंशच काढायचा असतो, काम काही सेकंदांचं. मापाची जोखीम कमी, आणि पाण्याची शिस्त हाताला लागते.

आणि ही शिस्तच आपल्याकडे कमी पडते, असं मला दिसतं. मशीन वातानुकूलित खोलीत, टाकी मागच्या अंगणात पत्र्याखाली! मे महिन्यात दुपारी दोनला त्या टाकीचं तापमान काय असेल? सकाळच्या पाळीचा जॉब आणि दुपारच्या पाळीचा जॉब वेगळा येतो, आणि ऑपरेटरला बोल लावला जातो. फिल्टर, चिलर, वाहकतेचा मीटर, पीएचचा मीटर यांना जोडसामान समजतात. ज्या यंत्रात अचूकता पाण्यात राहते, त्याचा स्पिंडल म्हणजे ही टाकी आहे. तिची नोंदवही स्पिंडलइतक्याच निगुतीने भरली पाहिजे.

शेवटचा मुद्दा गाळाचा, आणि तो टाळून मला खाली बसता येणार नाही. काढलेल्या धातूच्या शंभरपटीहून जास्त आकारमानाचा ओला गाळ निघतो. नायट्रेटच्या पाण्यात स्टेनलेस किंवा निकेल मिश्रधातू कापले की त्यातलं क्रोमियम सहासंयुजी होऊन बाहेर येतं. पाणी पिवळं दिसू लागलं की समजा. ते विषारी आहे, कॅन्सरकारक आहे, आणि विरघळलेलं असल्यामुळे फिल्टर प्रेसमधून सरळ निघून जातं. आधी फेरस सल्फेट किंवा बायसल्फाइट टाकून त्याला त्रिसंयुजी करायचं, मग पीएच आठ-नऊच्या आसपास आणून गाळात बसवायचं, मग प्रेसमधून काढायचं. तो गाळ भंगारवाल्याला द्यायचा नाही आणि नाल्यात तर नाहीच. त्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे परवानाधारक घातक कचरा केंद्रं आहेत. मशीनच्या कोटेशनमध्ये या प्रक्रियेची ओळ आणि तिचा खर्च नसेल, तर ते कोटेशन अपुरं आहे. पुरवठादाराला परत पाठवा, आणि पूर्ण करून आणायला सांगा.